मशीनला ऐकायला शिकवणारी ठकी

२ मार्च, सोमवार

ही वही ठकीच्या कपाटातली. विचारून घेतली आहे, उगाच कुणी म्हणायला नको. पुढच्या अकरा पानांवर तिनं कसले कसले बाण आणि चौकोन काढले होते, ती तिनं फाडून घेतली आणि कोरी पानं मला दिली. मी चौथीपर्यंत शिकले, त्यालाही आता साठ-पासष्ट वर्षं झाली. पण आज लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. बातमी अशी आहे की पोटात मावत नाही, आणि सांगायला कुणी उरलं नाही. दूधवाल्याला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, दवाखान्यातल्या नर्सला रक्तदाब मोजता मोजता सांगितलं. ती म्हणाली, "आजी, आधी श्वास घ्या."

तर बातमी. ठकीला पीएच.डी.ला घेतलं! फी नाही, वर राहायचं-खायचं तेच बघणार, चार वर्षं. विमानानं जावं लागतं इतकं लांब. विषय संगणकीय भाषाविज्ञान. तीनदा अडखळले, चौथ्यांदा एका दमात म्हटलं. आता रोज सकाळी एकदा म्हणते, जिभेला व्यायाम.

ठकी म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. मुलगा आणि सून तीन तासांवरच्या गावात राहतात, त्याचं शिंप्याचं दुकान आहे तिथे. ठकीची नोकरी इथे, म्हणून चार वर्षं ती माझ्याकडे आहे. नाव ठकी, कारण सव्वातीन वर्षांची होईपर्यंत पोरगी एक अक्षर बोलली नाही. लाकडाच्या बाहुलीसारखी बसायची आणि बघायची. लोक म्हणाले, मुकी आहे. मी म्हटलं, मुकी नाही, ऐकतेय. सगळं ऐकून झालं की बोलेल. आता बघा म्हणावं, कोण कुठे निघालंय.

ती काय करणार ते मला असं कळलं आहे. फोनमधल्या मशीनशी आपण बोललो की ते आपलं काम करतं. पण त्या मशीनला बातम्या सांगणाऱ्यांचं बोलणं कळतं, माझं कळत नाही. मी म्हणते, "अगं ते हे... आपल्या दवाखान्यात, म्हणजे तो नवा नाही, जुना डॉक्टर, त्याला जरा फोन लाव." मशीन म्हणतं, "कृपया पुन्हा सांगा." मी का पुन्हा सांगू? एकतीस वर्षं कारखान्यात काज-बटणाचं काम केलं, मुकादमालासुद्धा कधी एक गोष्ट दोनदा सांगितली नाही. तूच नीट ऐक की मेल्या! तर ठकी त्या मशीनला म्हाताऱ्या माणसांचं ऐकायला शिकवणार आहे. अडखळत बोलणाऱ्यांचं, भलतीकडे जाऊन परत येणाऱ्यांचं. म्हणजे माझंच.

पंधरा एप्रिलपर्यंत हो कळवायचं आहे. ठकी मात्र म्हणावी तशी हसली नाही. "बघू" म्हणाली. बापाला घाबरत असेल. त्याला मी बघते.

८ मार्च, रविवार

त्याला बघितलं.

रविवारी अकराला त्याचा फोन येतो, दुकान बंद असतं म्हणून. मी 'कसा आहेस'सुद्धा विचारलं नाही. म्हटलं, "पोरीच्या आड आलास तर याद राख."

"आई, मी काय केलं?"

"काही करायच्या आधीच सांगतेय."

"अगं, मशीनला बोलायला शिकवायला चार वर्षं? ही स्वतः तीन वर्षांत शिकली."

"बोलायला नाही, ऐकायला. तुला तर पन्नास झाली तरी येत नाही."

तिकडे सूनबाई हसल्याचं ऐकू आलं मला. मग तो हळूच म्हणाला, "ती गेली की तू इकडे येणार ना? तिथे एकटी नको राहूस. डिसेंबरात पडलीस तशी..."

मी पडले नव्हते. बाथरूममध्ये बसले होते. जरा जोरात बसले, इतकंच. पण या लोकांनी रुमालाचा पार तंबू करून ठेवलाय. ठकीनं तेव्हा आठ दिवस रजा काढली. मी त्याला सांगितलं, "तुझ्या घरात मला खिडकीतून दुकानाची पाटी दिसते, उलटी. मी माझ्या घरात सुलटी आहे." आणि ठेवला फोन.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. सुंभ अजून जळलेलाच नाही, पीळ कुठून जाईल!

एक गंमत लिहायची राहिली. ठकीला अलीकडे गप्पांची फार हौस आली आहे. मी आंघोळीला गेले की बाहेर दाराशी उभी राहून काहीबाही विचारते. साबण कुठला, पाणी गरम आहे का, कारखान्यात किती बायका होत्या. जन्मभर गप्प बसलेली पोर, आता दाराआडून बोलते. अभ्यासाचा परिणाम असावा.

१४ मार्च, शनिवार

मला नोकरी लागली. बिनपगारी आहे पण हुद्दा आहे.

ठकी तिकडे ज्यांच्या हाताखाली शिकणार त्या मॅडमनी, त्या मूळच्या इकडच्याच, मराठी बोलणाऱ्या, नमुन्याचं एक काम मागितलं आहे. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि जसंच्या तसं लिहून काढायचं. तेच बोलणं दोघांनी वेगवेगळं लिहायचं, एकमेकांचं न बघता, आणि मग ताडून पाहायचं. ठकीची ऑफिसातली जोडीदारीण आजारी पडली. मी म्हटलं, मी आहे की. कान शाबूत आहेत. हेडफोन लावले आणि बसले कागद-पेन्सिल घेऊन. एक आजोबा आपल्या हरवलेल्या छत्रीची गोष्ट सांगत होते. दहा मिनिटांचं बोलणं, मला दोन दुपारी लागल्या. छान स्वच्छ लिहून दिलं.

ठकीनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "आजी, तू सगळे 'अं' खाल्लेस."

"मग काय! त्या बिचाऱ्याला धड बोलता येत नव्हतं, मी नीट करून दिलं. दोन वाक्यं अर्धवट सोडली होती त्यानं, तीही पुरी केली. काज शिवल्यावर दोरे कापायचे नाहीत का?"

"नाही कापायचे. मला दोरेच हवेत."

मग तिनं समजावून सांगितलं. माणूस 'अं' कुठे म्हणतो, कुठे थांबतो, किती सेकंद थांबतो, कुठलं वाक्य टाकून देतो, त्यात सगळं असतं. साफ केलं की निम्मी गोष्ट गेली. तिनं तो तुकडा परत लावला. आजोबा म्हणाले, "छत्री माझ्या... अं..." आणि थांबले. मी मनात मोजलं, सात सेकंद. मग म्हणाले, "घरातल्यांनी दिली होती." मी लिहिलं होतं, 'छत्री माझ्या घरातल्यांनी दिली होती.'

"आता सांग आजी, सात सेकंद ते कुठे होते?"

मला एकदम भरून आलं. बायको गेलेली असणार. आणि मी कात्री चालवून मोकळी! सगळं परत लिहायला घेतलं. थांबला की टिंब, एका सेकंदाला एक टिंब. 'अं' धरून सगळं.

"हे काम चांगलं झालं तर नक्कीच जाशील ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही जमलं तरी मॅडमच्या कामाला येईल." काय तरी बोलते.

२१ मार्च, शनिवार

ठकी ऑफिसच्या कामासाठी बाहेर गेली होती. शनिवार असून. हे मी फक्त इथे लिहिते.

आज मी पडले. आज खरंच पडले.

सकाळी दहा वाजता. बादली भरायला लावली आणि पाय सरकला. कंबर भिंतीला लागली, हाताला काही धरायला मिळालं नाही. मोडलं काही नाही, पण उठता येईना. उठायला गेलं की पाय साबणावरून पुढे. नळ चालू, बादली वाहतेय आणि मी फरशीवर उताण्या झुरळासारखी. म्हटलं, वा! काय ऐट!

त्यात खालची ड्रायव्हरबाई आली. ती शहरबसची ड्रायव्हर आहे, पन्नाशीची, एकटी राहते. आमचं तीन वर्षं भांडण आहे. माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी तिच्या युनिफॉर्मवर पडलं होतं आणि ती मला नको ते बोलली. मीही तिला नको ते बोलले. तेव्हापासून जिन्यात भेटलो तर दोघी भिंतीकडे बघतो. तर ती दार बडवायला लागली. "काकू, नळ! माझ्या छतातून पाणी येतंय!"

दार आतून लावलेलं. मी ओरडून मदत मागितली असती तर तिनं दार फोडलं असतं, वॉचमन आला असता, ठकीला फोन गेला असता. आणि पंधरा एप्रिल तीन आठवड्यांवर. म्हणून मी आतून शिव्या दिल्या. जेवढ्या येतात तेवढ्या सगळ्या, कारखान्यातल्यासुद्धा. "तुझं छत गेलं खड्ड्यात! पाणी माझं आहे, वाहू दे नाहीतर राहू दे!" मग ती गप्प झाली. गेली असणार.

चाळीस मिनिटांनी ढुंगणावर सरकत उंबऱ्यापर्यंत आले, उंबरा धरून गुडघ्यावर झाले, मग उठले. नळ बंद केला. फरशी पुसली. संध्याकाळी ठकीनं विचारलं, "काय केलंस दिवसभर?" म्हटलं, "आराम."

घाबरले का? हो, घाबरले. पण माणूस घाबरतं तेव्हा त्याचं तोंड चालू असेल तर काळजीचं कारण नाही.

२९ मार्च, रविवार

ठकी विचित्र वागते. बाथरूममध्ये रबराची चटई आणून टाकली. मग जेवताना म्हणाली, "आजी, समजा तू बाबांकडे राहिलीस..."

"नाही."

"समजा दिवसभर एखादी बाई ठेवली..."

"माझ्या घरात परकं माणूस नको. माझे डबे मला हवे तिथे हवेत."

"समजा एक किल्ली खालच्या काकूंकडे दिली..."

"त्या बयेकडे? माझ्या घराची किल्ली? त्यापेक्षा चोराला देईन, तो निदान एकदाच येईल!"

ती हसली नाही. ताट घेऊन उठली. मला वाटतं निघायच्या आधी सगळं नीट लावून जायचं म्हणून तिची ही धडपड आहे. म्हटलं, "तू तुझी बॅग भर, माझी काळजी तुझ्या बॅगेत घालू नकोस, वजन जास्त होतं." हे माझं मलाच आवडलं.

मुलाला परत फोन केला आणि परत झापलं. तो म्हणाला, "आई, मी तिला जा म्हणून सांगितलंय. शपथ." विश्वास नाही. हा लहानपणी दूध सांडून मांजराचं नाव सांगायचा, आणि आमच्याकडे मांजर नव्हतं.

९ एप्रिल, गुरुवार

आजचं आजच लिहिणार.

नमुन्याचं शेवटचं रेकॉर्डिंग आज लिहायला घेतलं. ठकी ऑफिसला. लॅपटॉपवर फायली आकड्यांच्या असतात, मी अठराव्याऐवजी एकोणिसावी उघडली. आवाज ओळखीचा वाटला तरी पेन्सिल आपली चालत राहिली, सवयच लागली आहे. ठकी त्या मॅडमशी बोलत होती आणि मशीन चालूच राहिलं होतं. मी पान भरल्यावर बघितलं काय लिहिलं ते. तसंच इथे उतरवते.

मॅडम: पंधरा तारखेपर्यंत तुमचं उत्तर हवंय.

ठकी: . . . . . . . . . . . अं . . . मला वाटतं या वर्षी नाही जमणार.

मॅडम: घरून विरोध आहे का?

ठकी: नाही. उलट . . . आजी तर नाचतेय. . . . . . . ती नाचताना पडली तर तिला उचलायला . . . म्हणजे . . . मी तिला सांगू शकत नाही. तिला वाटेल ती . . .

मॅडम: पुढच्या वर्षी जागा असेल असं मी नाही सांगू शकत.

ठकी: माहितीये. . . . . . . . . माहितीये मला.

मॅडम: पंधरापर्यंत मी थांबते. आज तुम्ही काही बोललाच नाहीत असं समजते.

अकरा टिंबं आहेत तिथे. मी तीनदा मोजली. अकरा सेकंद माझी नात कुठे होती ते मला कळलं. बाथरूमच्या दाराबाहेर होती.

आणि मी मेली मुलाला शिव्या घालत बसले! नाचता येईना अंगण वाकडं. आडवी कोण आली? मी आले. मी! जिच्या आड मुकादम आला नाही, कारखान्याचा मालक आला नाही, ती मी स्वतःच्या नातीच्या वाटेत ओंडक्यासारखी पडले, आणि वर नाचतेय.

रडले थोडी. मग राग आला. राग आला की मला बरं वाटतं.

१० एप्रिल, शुक्रवार

युक्ती काढली. तोंडावर बोलले तर ती डोळे बघते. म्हणून मशीनमध्ये बोलायचं ठरवलं. सकाळभर पाठ केलं, आरशासमोर उभी राहून चारदा म्हटलं. मग फोनवर रेकॉर्ड केलं, "ठकी, मी अगदी ठणठणीत आहे. डिसेंबरनंतर मी एकदाही पडलेली नाही. मला एकटीला राहायला आवडतं. तू निश्चिंत मनानं जा, हीच माझी इच्छा आहे." कुठे अडखळले नाही. बातम्या सांगणारी झक मारेल. तिला पाठवून दिलं.

११ एप्रिल, शनिवार

तिनं ते सहा वेळा ऐकलं. मी स्वयंपाकघरातून मोजलं.

मग माझ्यासमोर येऊन बसली. "आजी, यात एकही 'अं' नाही."

"मग? सफाईदार झालंय ना?"

"तू आयुष्यात कधी अशी बोलली आहेस? मीठ मागायचं तरी तू आधी मिठाच्या दुकानदाराची गोष्ट सांगतेस. हे तू कापून शिवून दिलंयस." आणि मग अगदी हळू, "कधी पडलीस?"

झालं! जी सगळं ऐकते म्हणून मी मिरवत होते, तिनं माझेच कान उपटले. मी आधी ओरडले, "माझा फोन, माझं बोलणं, तुला काय करायचंय!" मग सांगितलं. एकवीस मार्च, नळ, चाळीस मिनिटं, चुकून ऐकलेली ती एकोणिसावी फाईल, सगळं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही लॅपटॉप उघडून नाही कळवून टाकते. तिनं उघडलाच. मी तो हातानं मिटला. तिची बोटं थोडी चेपली असतील, इलाज नव्हता.

"ऐक," म्हटलं. "आता मी 'अं' धरून सांगते. मला... मला भीती वाटते. पडायची वाटते. फरशी गार असते. पण... अं... तू इथे राहिलीस म्हणून मी पडायची थांबणार आहे का? तू ऑफिसला गेलेली असतानाच पडेन, मला काय वेळ-काळ आहे! तू राहशील, आणि मी पडले की तुला वाटेल राहूनही उपयोग झाला नाही. आणि नाही पडले तर मला रोज वाटेल की मी उभी राहिले म्हणून ही बसली. हे... हे मी सहन करणार नाही. माझं पडणं माझं आहे. ते मी कुणाला देत नाही. तुलासुद्धा नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मी मोजलं नाही.

मग म्हणाली, "ठीक आहे. मी माझी जागा सोडत नाही. पण तू पण काहीतरी सोड. मी एकटीनंच नाही सगळं करायचं."

"काय सोडू?"

"हट्ट. एक तरी. कुठला ते तू निवड."

सव्वातीन वर्षं गप्प बसली ती हे बोलायला!

१२ एप्रिल, रविवार

रात्रभर हट्ट मोजले. पुष्कळ निघाले. मुलाकडे जायचं नाही, हा सोडवत नाही. हा माझा कणा आहे, काढला तर उभी कशानं राहू? दिवसभराची बाई, तीही नाही. राहिला एकच. तोच सगळ्यांत जड.

मुलाला सकाळी फोन करून खरं सांगितलं आणि माफी मागितली. तो इतका गांगरला की पहिली बस पकडून आला. हातात ड्रिल आणि लोखंडी दांडा, गळ्यात टेप. बाथरूममध्ये मला उभी केली आणि बाहीचं माप घेतात तसं खांद्यापासून मुठीपर्यंत घेतलं, वाकून एकदा, सरळ उभी असताना एकदा. "आई, हात लांब कर. पुढे. ताण देऊ नकोस." पन्नास वर्षांचा बाप्या, तोंडात खडू धरून भिंतीवर खुणा करत होता. दांडा जरा तिरका बसला, पण माझ्या हाताला बरोबर येतो. मी म्हटलं, "कोट बरा शिवतोस यापेक्षा." तो म्हणाला, "कोट पडत नाही, आई."

मग मी खाली गेले. एकटी. ड्रायव्हरबाईचं दार वाजवलं. तिनं उघडलं, हातात इस्त्री.

मी म्हटलं, "छताचं काय झालं?"

"सुकलं."

"बरं." मग अं, आणि मग काही सुचेना. एवढं तोंड माझं, आणि सुचेना.

तीच म्हणाली, "काकू, त्या दिवशी तुम्ही फरशीवर होतात ना?"

"कोण म्हणतं?"

"आवाज दाराच्या खालच्या फटीतून येत होता. उभं माणूस वरून शिव्या देतं." इस्त्री तिनं बाजूला ठेवली. "मी जिन्यात बसून होते. म्हटलं, शिव्या चालू आहेत तोवर ठीक. थांबल्या तर दार तोडायचं. मग नळ बंद झाल्याचं ऐकलं आणि कामावर गेले. त्या शनिवारी पहाटेची नाही, अकराची पाळी होती, तरी माझी बस सुटली उशिरा, साहेबानं लिहून घेतलं माझ्याकडून."

ठकीनं चार वर्षं शिकून मशीनला जे शिकवायचं, ते ही बाई जिन्यात बसून करून गेली, आणि तीन आठवडे चकार शब्द नाही.

मी किल्ली पुढे केली. "ही घे. पण भांडण मिटलं असं समजू नकोस."

"छे! मिटेल कसं?" ती म्हणाली. "युनिफॉर्मचा डाग अजून आहे."

ठरलं असं. ती रोज पहाटे साडेपाचला ड्यूटीवर जाते, तेव्हा वर येऊन दार वाजवणार. संध्याकाळी आल्यावर एकदा. मी आतून कडी लावायची नाही. कडी न लावता झोपायचं, या वयात! पण शब्द दिला.

१५ एप्रिल, बुधवार

ठकीनं हो कळवलं. बटण तिनंच दाबलं. मी म्हटलं होतं मी दाबते, पण ती म्हणाली, "नाही आजी, हे माझं आहे." बरोबर आहे. ज्याचं त्याचं.

मॅडमचं उत्तर आलं. नमुना आवडला. दुसऱ्या हाताचं काम फार बारकाईचं आहे, ते कुणी केलं, असं विचारलंय. ठकीनं कळवलं, आजीनं, चौथी पास. मी म्हटलं, काज-बटण एकतीस वर्षं, हेही लिही. लिहिलं.

३० ऑगस्ट, रविवार

गेली.

मी विमानतळावर गेले नाही. मुलगा आणि सून गेले सोडायला. मी जिन्यापर्यंत गेले. तिनं वाकून मिठी मारली, जोरात, माझा चष्मा तिच्या खांद्यात रुतला. "आजी, रोज..." आणि पुढे काही म्हणेना. मी म्हटलं, "टिंबं घालू नकोस, जा. उशीर होतोय."

घर मोठं वाटतं. खोल्या दोनच आहेत, पण मोठ्या झाल्या. दुपारी तिच्या खुर्चीवर बसून पाहिलं. अभ्यासाची खुर्ची फार कडक असते.

८ सप्टेंबर, मंगळवार

ठकी गेल्यापासून ड्रायव्हरबाई रोज साडेपाचला येते. दार वाजवते आणि ओरडते, "काकू, आहात का गेलात?"

मी आतून, "तुझ्या आधी नाही!"

"बरं!" आणि बूट वाजवत खाली. एवढंच. आठ दिवस झाले, एकदा चुकली नाही.

पण मी म्हटलं, हे सगळं बोलण्यापुरतंच असेल तर? मुकादम म्हणायचा, काज शिवलं की बटण घालून बघा. म्हणून आज मी उत्तर दिलं नाही. पलंगावर चहाचा कप घेऊन बसले आणि घड्याळ बघितलं.

"काकू, आहात का गेलात?"

मी गप्प.

"काकू?" मग, "काकू!" मग किल्लीचा आवाज, किल्ली उलटी घातली, काढली, सुलटी घातली, दार भिंतीवर आपटलं, आणि बाई बुटांसकट आत, आधी बाथरूममध्ये, मग इकडे. चेहरा पांढराफटक, टोपी हातात.

"सव्वीस सेकंद," मी म्हटलं. "किल्ली सुलटी धरलीस तर वीस."

त्यानंतर ती मला जे बोलली ते कारखान्यातसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. तीन वर्षांची थकबाकी काढली तिनं. मी चहा पीत ऐकून घेतलं, पहिल्यांदाच, मध्ये एक शब्द न बोलता. शेवटी ती पलंगाच्या कडेला बसली, टोपीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पातेल्यात चहा आहे का अजून?"

होता. दिला. आजही तिची बस उशिरा सुटली असणार.

संध्याकाळी ठकीचा फोन. तिच्याकडे दुपार. तिला हे सांगितलं तर पोट धरून हसली, मग रागावली, मग परत हसली. तिकडचं सांगत होती. टेबल खिडकीजवळ मिळालंय, मॅडम कडक आहेत, कुणीतरी तिला विचारलं की म्हाताऱ्यांच्या अडखळण्यात एवढं काय आहे, आणि ही त्याच्याशी अर्धा तास भांडली. अर्धा तास! आमची ठकी! मी म्हटलं, जिंकलीस का? म्हणाली, उद्या परत भांडणार आहे.

मी पुढे काहीतरी सांगायला घेतलं, दूधवाल्याच्या मेव्हण्याचं. तिनं मध्येच थांबवलं. "आजी, मला आता काम आहे. ठेवते."

आजवर फोन नेहमी मी ठेवायचे. ती थांबून राहायची, मी ठेवेपर्यंत, कुठे काही आवाज येतोय का ऐकत. आज तिनं आधी ठेवला.

वाईट वाटलं. पण असं वाईट की उठून सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि उभ्या उभ्याच म्हटलं, संगणकीय भाषाविज्ञान. एका दमात.